आयरिश नावाला आयरिश आत्या

आता सांगतो ते कुणालाही पटणार नाही. पटू नये अशीच माझी इच्छा आहे. पटण्यासारखं बोलणारी माणसं कुवेतात पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी कुणी दुसऱ्यांदा जात नाही.

माझ्या घरी येतात. त्या शुक्रवारी जुईली आली होती. आमच्या मिरकाबच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी ही नवी नर्स. तिला नुकतेच दिवस गेले होते, म्हणून नूरबानूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. विनिताही होती. विनिता दर शुक्रवारी असतेच. राजापूरच्या माणसाला हर्णैच्या हातचं कालवण मिळाल्यावर तो दुसरीकडे कशाला जाईल.

जेवता जेवता जुईली म्हणाली, "चाचा, आमची आयर्लंडची फाइल पुढे सरकलीय. बाळाला एखादं आयरिश नाव सुचवा ना. सगळे म्हणतात तुम्हाला त्यातलं कळतं."

विनिताचा हात ताटातच थांबला. नूरबानूनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ 'गप बसा' असा असतो, हे मला चांगलं कळतं. मी फक्त ऐकत नाही.

"कळतं म्हणजे काय," मी म्हटलं. "अहमदीला तेल कंपनीच्या गोदामात होतो तेव्हा माझा साहेबच आयरिश होता. डोकं इतकं लाल की तो दुपारच्या उन्हात गोदामात शिरला की पोरं आग लागली म्हणून घंटा वाजवायची. तीनदा बंब आला होता."

"तो स्कॉटलंडचा होता," नूरबानू म्हणाली.

"शेजारीच ते."

"आणि टकला होता."

"बंबवाल्यांनी पाणी मारल्यावर झाला," मी म्हटलं, आणि जुईलीकडे वळलो. "तुझ्या आधी या इमारतीतल्या एका पोरीचं आयरिश नाव ठरलं होतं. ही विनिता बसलीय ना, हिच्या सख्ख्या भावाची पोर. तिची हकीकत ऐक, मग ठरव."

 विनिता माशाचे काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावू लागली.

तेव्हा असे दिवस होते की कुवेतातल्या निम्म्या नर्सा आयर्लंडला निघाल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या इंग्रजीच्या परीक्षेला बसल्या होत्या. खालच्या बकाल्यात साबण मागायला गेलं तरी दुकानदार म्हणायचा, आधी आपल्या आवडत्या ऋतूवर दोन मिनिटं इंग्रजीत बोला. गप्प बसायचीही सोय नव्हती, मागे रांग असायची. अशात प्रणिताला तिकडून नोकरीचं पत्र आलं. प्रणिता म्हणजे विनिताची भावजय. भाऊ अभिनव, इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणारा. ही दोघं आमच्या समोरच्याच दारात राहायची. पत्र आलं आणि लगेच पोरगी झाली. पोरगी पाहायला गेलो तर अभिनव म्हणतो, "चाचा, हिचं नाव आयरिश ठेवणार."

"का रे बाबा?"

"तिकडे शाळेत रोज हजेरी होणार. पोरीला वेगळं वाटता कामा नये."

"तिचा रंगही हजेरीला जाईल की. त्याला काय लावणार?"

तो हसला. पण त्याचं ठरलं होतं. जन्म कुवेतचा, पासपोर्ट भारताचा, नाव आयर्लंडचं, आणि जावळ तेवढं राजापूरचं. मला म्हणाला, तुम्हाला आयरिश माणसांचा अनुभव आहे, मदत करा. अनुभव असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि नसलेल्याला तर मुळीच येत नाही. बसलो.

पहिलं नाव ब्रिजिड. मी म्हटलं, "ही हातात छडी घेऊनच मोठी होईल." दुसरं फिओना. तर प्रणिताच्या वॉर्डात एक फिलिपिनो फिओना होती आणि तिचं नि प्रणिताचं रजेवरून वाजलेलं. गेलं तेही. तिसरं नोरा. अभिनव म्हणाला, नोरा नको, नोरा केरळात पण असतात; नाव कसं ऐकणाऱ्याला लगेच आयरिश वाटलं पाहिजे. ऐकणारा कोण, तर आयरिश. त्याला ते आयरिश वाटलं तर तो म्हणणार, असेल, आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. पण हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं असतं तर चहा थांबला असता.

शेवटी ऑर्ला निघालं. अर्थ सोन्याची राजकन्या. सोनं म्हटल्यावर प्रणिता राजी झाली.

आता राहिली ही. विनिता. बाप गेल्यावर हिनं भावाला शिकवलं, हिनंच त्याला कुवेतात आणलं. इस्पितळात लोकांचं रक्त तपासते. स्वतःचं किती आटलं ते कुणाला दाखवलं नाही. हिनं भावाकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती. पहिली मुलगी झाली की नाव मी ठेवीन, आणि ते अबोली ठेवीन. त्यांच्या आईच्या केसांत रोज अबोलीचा वळेसर असायचा. बाप गेला आणि तो सुटला. त्याच दिवशी हिनं ते नाव उचलून ठेवलं होतं.

अभिनव हिला म्हणाला, "ताई, अबोली तिकडे कुणाला कळणार?"

ही म्हणाली, "ऑर्ला इकडे कुणाला कळलंय?"

झालं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी फक्त "जेवलीस का" आणि "हो" एवढंच बोलायची. ही आमच्याकडे येऊन नूरबानूपाशी बसली आणि म्हणाली, "चाची, पोर आयर्लंडला जाईल. मी तिला फोनच्या पडद्यावर दिसणार, तेही तिला वेळ असला तर. नाव तरी माझं असू दे तिच्यापाशी." ती रडली नाही. नूरबानूच रडली, कांदा चिरत होती म्हणून सोयीचं झालं.

"मी कांदा चिरत नव्हते," नूरबानू म्हणाली.

"बघ. मी हिची अब्रू राखतो आणि ही मलाच खोटं पाडते."

जुईली हसली. तिला पुढचं हवं होतं. "मग? बारसं झालं का?"

झालं का म्हणजे? नाव आयरिश, पण बारसं मात्र पंचांग बघून. पाळण्याला फुलं, सुंठवडा, घुगऱ्या, पोरीला बाळलेणी, सगळं साग्रसंगीत. परदेशात आपली संस्कृती जपली पाहिजे, असं अभिनव मला दोनदा म्हणाला. एकदा मुहूर्त बघताना आणि एकदा ऑर्ला हे नाव केकवर घालायला सांगताना.

आणि इथंच गोची झाली. आमच्यात मूल जन्मलं की बाप नाहीतर घरचा कुणी बुजुर्ग कानात अजान देतो, विषय संपला. यांच्यात आत्या कानात नाव सांगते. आधी कानात कुर्र करायचं, मग नाव, मग ते मोठ्यानं जाहीर. आणि ती पाळण्यात वाकलेली असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात, हे मी अनेक जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, जिच्या पाठीत पडतात तिला विचारा.

अभिनवनं आईला राजापूरला व्हिडिओ लावला आणि विचारलं, "समजा आत्यानं कानात वेगळंच नाव सांगितलं तर?"

म्हातारी म्हणाली, "तर ते नाव. कानात गेलेलं परत काढायला तो काय मळ आहे?"

अभिनवचा चेहरा पडला. विनिता तर शांतपणे सांगून गेली होती, "केकवर काय हवं ते घाल. कानाशी मी आहे."

तो रात्रीचा जेवला नाही. सकाळी माझ्याकडे आला. "चाचा, काहीतरी मार्ग काढा."

मी म्हटलं, "मार्ग सरळ आहे. नाव आयरिश असेल तर ते विनितानं कसं सांगायचं? देशी आत्या, विलायती नाव. लागू पडणार नाही. आयरिश नावाला आयरिश आत्या पाहिजे."

हे मी गंमत म्हणून म्हटलं. पण आयर्लंडची फाइल पुढे सरकलेल्या माणसाला गंमत कळत नाही. त्याचे डोळे चमकले. "मिळेल?"

"कुवेतात काय मिळत नाही? पैसे टाकले तर बर्फ मिळतो, वाळवंटात."

आणि मिळाली. अहमदीच्या जुन्या बंगल्यांत, जिथं कंपनीचे साहेब राहायचे, तिथं कॅथलीन नावाची एक बाई होती. कोणे एके काळची मेट्रन. साठी उलटलेली, सहा फूट उंच, खांदे असे की दारातून आत येताना तिला आधी एक आणि मग दुसरा आणावा लागे. साहेब लोक निघून गेले, तिला न्यायचं राहून गेलं. मी तिच्या बागेतल्या कण्हेरीला पाणी घालत असे—

"तुम्ही आपल्या कुंडीला पाणी घालत नाही," नूरबानू म्हणाली.

—तर ओळख होती. मी तिला म्हटलं, बाई, अशी अशी गोष्ट आहे, एक दिवस आत्या होशील का? ती म्हणाली, "काम काय असतं?" मी म्हटलं, "वाकायचं, कानात बोलायचं, साडी घेऊन घरी जायचं." धपाट्यांचं सांगायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं, अभिनवकडून राहिलं, प्रणिताकडून राहिलं. जी गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते ती कुणाला सांगायची असते, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

बारसं होतं बनेद अल-गारला, समुद्रासमोर, लताताईंच्या घरी. लताताई म्हणजे डॉक्टरीणबाई आणि मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाचा एकुलता एक पाळणा त्यांच्याच माळ्यावर असतो. कुवेतातलं प्रत्येक मराठी मूल त्याच पाळण्यातून उठलेलं आहे. आता एक लक्षात घे, जुईली. कुवेतात आत्याबाईंचा दुष्काळ. सगळ्या आत्या गावाला. मग बारशाला काय करतात, तर आत्याला फोनवर घेतात आणि फोन पाळण्यात ठेवतात. फोनच्या पाठीत धपाटे कोण घालणार? एकदा घातले तर काच तडकली. त्यामुळे मंडळाच्या बायकांचे कित्येक बारशांचे धपाटे हातातच राहून गेले होते. आणि त्या दिवशी समोर काय आलं, तर प्रत्यक्ष आत्या. आणि पाठ केवढी, तर वाळवणाला पुरेल एवढी.

पण त्याआधी साडी. कॅथलीनबाईला साडी नेसवायची कुणी? मी नाही. प्रणिता ओली बाळंतीण. शेवटी ही विनिताच आत गेली.

मी विनिताकडे बघितलं. तिनं वर पाहिलं नाही. काट्यांची रांग पूर्ण झाली होती. आता ती तीच रांग पुन्हा सरळ करत होती.

दोघी खोलीत बराच वेळ होत्या. साडी नऊवारी, पण त्या अंगावर पाचवारीएवढीच पुरली. आत काय बोलणं झालं ते अल्लाला ठाऊक. बाहेर आल्या तेव्हा कॅथलीनबाईच्या नाकात नथ होती, आणि विनिता मागे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात घुगऱ्यांची परात. जिचा मान होता ती वाढपी झाली, आणि जिला पाळणा म्हणजे काय ते माहीत नव्हतं ती पाळण्यापाशी बसली. अभिनव फोटो काढत होता.

बाई पाळण्यात वाकल्या. कुर्र केलं. आणि लताताईंनी पहिला धपाटा घातला.

काय सांगू तुला. तो आवाज समुद्रापर्यंत गेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा, दहावा. इतक्या वर्षांची बाकी त्या एका पाठीवर उतरत होती. खालचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, धावत वर आला. त्याला वाटलं वरच्या मजल्यावर गालिचे झोडतायत आणि त्याला मनाई आहे. लताताईंच्या बांगड्या फुटल्या. एका बाईचं मनगट मुरगळलं. बरं तर बरं, तिचा नवरा हाडांचाच डॉक्टर. आणि कॅथलीनबाई? हलल्या नाहीत. जगात असेच आत्याचे लाड होत असणार, अशा समजुतीनं वाकलेल्याच राहिल्या. मग ताठ झाल्या, नथ सरळ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या—

जुईली पुढे सरकली होती. मी पाणी प्यालो. माणसानं अशा वेळी पाणी प्यावं.

"काय म्हणाल्या?"

"अबोली."

"काय?"

"अबोली. स्वच्छ. राजापूरच्या बाजारात म्हणतात तसं."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर हारिस पुन्हा वर आला असता. केकवर ऑर्ला. पोरीच्या कानात अबोली. अभिनवचा फोन हातातच राहिला. तो म्हणाला, "मॅडम, ऑर्ला. आपलं ऑर्ला ठरलं होतं." कॅथलीनबाई म्हणाल्या, "तरुण माणसा, मार मी खाल्ला. नाव मी ठेवणार. ऑर्ला नावाच्या सात पोरी माझ्या एकट्या गल्लीत होत्या, एकीला हाक मारली की सातही यायच्या. या नावाची माझ्या देशात एकसुद्धा नाही. तिला हाक मारली की तीच येईल."

आणि मग राजापूरहून म्हातारी पडद्यावरून बोलली, "आत्या म्हणाली ना? संपलं."

आता अभिनवला हरकत घ्यायला जागा कुठे? आयरिश नाव पाहिजे होतं. आयरिश बाईनं ठेवलं. याहून आयरिश काय असतं? केक कापला. प्रणितानं सुरीनं अक्षरं पसरून टाकली. कॅथलीनबाईंनी घुगऱ्यांची अख्खी परात संपवली, साडी घेतली आणि अहमदीला निघून गेल्या. अभिनव सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, बहिणीच्या पाया पडला आणि म्हणाला, "ताई, तुझ्या मनासारखं झालं." दोघं गळ्यात पडून रडली. आता ती मंडळी आयर्लंडला सुखात आहेत. शाळेत अबोलीची हजेरी होते. अभिनव रोज संध्याकाळी ताईला फोन करतो, पोरीला बोलायला देतो. नुसतं प्रेम ऊतू चाललंय.

एवढं म्हणून मी विडा लावायला घेतला. आपलं काम झालं होतं.

नूरबानू काही बोलली नाही. एरवी बोलते.

जुईलीनं विनिताकडे बघितलं. पोर भाबडी, आणि पोटुशी. तिला गोष्ट फार आवडली होती. ती म्हणाली, "बरं झालं ना, ताई, ती बाई आली ते. तुम्हाला काही करावंच लागलं नाही. तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहिलात आणि सगळं आपोआप झालं."

विनितानं ताट बाजूला सारलं.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"कुठलं गं, बाय?" मी विचारलं. "बंबाचं?"

"बंबाचं असू दे चाचा. बंब तुमचा. कॅथलीन-बिथलीन कुणी नव्हती. पाळण्याशी मी बसले होते. अभिनव सगळ्यांसमोर म्हणाला, ताई, ऑर्ला म्हण, माझी शपथ आहे. मी वाकले, धपाटे मी खाल्ले आणि मोठ्यानं अबोली मी म्हटलं. तो केक न कापता निघून गेला. जाताना विमानतळावरून तुम्हाला फोन केला त्यानं, मला नाही. अजून करत नाही. प्रणिता गुपचूप पोरीचे फोटो पाठवते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही हे का रचता, मला कळतं. मी वाईट दिसू नये म्हणून. पण भाऊ गेला त्या नावापायी माझा. ते नाव आता तुम्ही कुठल्या मडमेला देऊन टाकू नका."